कल्पेशचं मशीन

“मग पोराच्या फोनवर खबर कशी नाय जेली गो वयनी? मशीन बांधलेला होता ना दादूसच्या हातान?”

भागीरथीने विचारलं आणि ओटीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. जनूचा दहावा होता. नदीवरचे विधी उरकून माणसं घरी आली होती, अंगणात मांडवाखाली पुरुषांची पानं मांडत होते, आणि ही जनूची धाकटी बहीण नेमकं तेच विचारत होती, जे सगळं गाव मनातल्या मनात विचारत होतं. फक्त तोंडावर विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

दारात जनूचा मुलगा कल्पेश उभा होता. डोक्याचं मुंडण केलेलं, खांद्यावर ओला पंचा. आत्याचं बोलणं त्याने ऐकलं. जनूच्या बायकोने, तुळशीने पोराकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “मीच काढून ठेवला होता.”

“काय?”

“पट्टा. आंघोळीला जाताना काढला तो परत बांधलाच नाय. दुखायला लागला तवा ध्यानात आला. तवर उशीर झालेला.”

“म्हंजे तूच मारलास माज्या भावाला!” भागीरथी किंचाळली. “एवढा गुणाचा पोर, बापासाठी मशीन शोधून काढतो, आनि ही बाय तो खुंटीला टांगून ठेवते! काय बोलाचं आथा?”

तुळशीने मान खाली घातली. चार बायकांनी भागीरथीला आवरलं, पण आवरता आवरता त्याही तुळशीकडे बघायच्या तशाच बघत होत्या. बघू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा तर गेलाच होता, निदान पोराचं नाव तरी राहावं.

खरं काय ते फक्त मायलेकांना ठाऊक होतं.

जनू आणि तुळशी म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिरापलीकडच्या गावातलं साधं आगरी जोडपं. भाताची शेतं होती, ती बिल्डिंगांखाली गेली. तुळशीने विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर पाटी मांडून भाजी विकली, ऊनपाऊस म्हटलं नाही, आणि एकुलत्या एका पोराला इंजिनिअर केलं. कल्पेश एका खासगी कॉलेजात शिकवायला लागला, लग्न करून बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मग त्याला पेटंटं मिळायला लागली. एक हृदयाच्या आजाराची आगाऊ खबर देणाऱ्या यंत्राचं, एक मोबाईलवरून पैसे देण्याचं, एक रस्त्यावरच्या गाड्यांवर नजर ठेवण्याचं. गावाला काय, बॅनर लावायला निमित्तच हवं असतं! नाक्यावर हा एवढा फ्लेक्स लागला. मधोमध कोटातला कल्पेश आणि खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांगच्या रांग.

जनूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोबाईलवरून पैसे जमा झाले की बोलणारा किराणावाल्याच्या गल्ल्यावरचा डबा बोलला, की जनू आजूबाजूच्यांना सांगायचा, “आमच्या कल्पेशचाच हाय तो.” बदलापूर रोडच्या सिग्नलवर कॅमेऱ्याने कोणाला दंड ठोकला, की तो गडी तणतणत थेट जनूच्या ओटीवर यायचा. “तुझ्या पोराला सांग, गाववाल्यांना तरी सोड म्हनावा!” जनू त्याला चहा पाजायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, “कायदा सगल्यांना सारखा बाबा, मी काय करू?” काय तो तोरा! तुळशी तोंडाला पदर लावून हसायची. सगळा जन्म चिखलात गेलेल्या माणसाचा तोरा तिला फार आवडायचा.

मागल्या दिवाळीत कल्पेशने बापाला मनगटावर बांधायचा पट्टा आणला. उल्हासनगरच्या बाजारात ढिगाने मिळतात, तसला. जनूने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हाच का रे तुझा हार्टचा मशीन? मना काय झाला तर तुना समजंल?”

कल्पेश हसला. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. बापाचा फुललेला चेहरा बघून त्याची जीभ उचलली नसेल. त्या दिवसापासून जनूने पट्टा काही सोडला नाही.

आणि मग तो दिवस आला. दुपारचं जेवण झालं, जनूने बडीशेप तोंडात टाकली आणि छाती धरून खाली बसला. तुळशी दाराकडे निघाली. “धाकलूभाऊंना हाक मारते, रिक्षा काढतील.” धाकलू म्हणजे शेजारच्या वेणूबाईचा नवरा.

जनूने मनगट वर केलं. पट्ट्याखाली हिरवा उजेड लुकलुकत होता. “गप बस. बत्ती लागली बघ. खबर जेली त्याला.”

“फोन तरी लावते.”

“निघाला असंल तो. गाडी चालवताना फोन नको करूस.” मग धाप टाकत म्हणाला, “तो धुतलेला सदरा दे. पोरगा डाक्टर घेऊन येल, असा उघडा बरा नाय दिसत.”

घामाने निथळणाऱ्या अंगावर तिने सदरा चढवला. दोघं दाराकडे तोंड करून बसली. बाहेर गाडीचा आवाज झाला की जनू म्हणायचा, “आला बघ.” गाडी पुढे निघून जायची. पुन्हा आवाज झाला की पुन्हा म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या गाडीला तो काहीच बोलला नाही, तेव्हा तुळशीने वळून पाहिलं, आणि ओरडत धाकलूच्या घराकडे धावली. धाकलूने एकट्याने जनूला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “आधी का नाही आणलंत?”

कल्पेश आला तो संध्याकाळी, धाकलूने फोन केल्यावर. आईशेजारी बाकड्यावर बसला. तुळशीने रडण्याआधी विचारलं, “खबर नाय भेटली रे तुना?”

तो फरशीकडे बघत म्हणाला, “आई, मशीन नाहीये तसलं. कधी बनवलंच नाही.”

“आनि ते पेटंट?”

“कॉलेजला दरवर्षी पेटंट दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर नोकरी जाते. एक जण असतो, तो चित्रं काढून कागद तयार करतो. एका कागदावर आठ-आठ नावं असतात, त्यातलं एक माझं. पैशांचं असो नाहीतर सिग्नलचं, सगळं तसंच. बनवत कोणी काही नाही. बाबांचा पट्टा बाजारातला होता. माणूस चालला किती, तेवढंच सांगतो तो.” मग लहान पोरासारखा हुंदका देऊन म्हणाला, “मला वाटलं, राहू दे त्यांना खुशीत.”

तुळशीला वाटलं, याच्या दोन कानफटात द्याव्यात. आणि वाटलं, पोटाशी धरावं. दोन्ही तिच्याने झालं नाही.

तेव्हा दहाव्याच्या दिवशी ती खोटं बोलली, ते असं. भागीरथीचे शिव्याशाप पदरात घेऊन ती उठली आणि मागल्या दारी जाऊन बसली. मागोमाग वेणूबाई आली. इकडेतिकडे बघत जवळ टेकली.

“गो, रागावू नको. आज बोलाचं नाय, पन कवा बोलू? जनूभाऊंचा पट्टा आमच्या यांना देशील?”

तुळशीने विचारलं, “कशाला?”

“जनूभाऊंना उचलल्यापासून यांच्या छातीत दुखतंय. रात रात उठून बसतात. दवाखान्यात चला म्हनते, तर म्हनतात, कल्पेशचा मशीन बांधू, तो सांगंल काय हाय ते. तुमच्यात सुतक, म्हनून थांबलो एवढे दिस.”

“पट्टा बिघडलाय.”

“मग नवीन दे म्हनावा कल्पेशला. घरचाच तर हाय!”

“वेणू, तू त्यांना दवाखान्यात ने. आजच्या आज.”

“माजा ऐकतात का ते? तू काढून ठेवलास म्हनून जनूभाऊ जेले, हे आथाच ऐकला त्यांनी. आथा तर पट्ट्याबिगर हलायचे नाय बोलतात.”

पोराचं नाव राखायला बोललेलं खोटं पाच मिनिटांत शेजारच्या दारात जाऊन बसलं होतं! ज्याने जनूला हातांवर उचललं, त्याच्याच. देवा, हे काय मांडून ठेवलंस? आता गप्प बसावं तर धाकलू जाणार, बोलावं तर कल्पेश. पोटचा गोळा गावात पुन्हा मान वर करू शकणार नाही. ती उठली.

ओटी ओलांडून ती मांडवात आली. दहाव्याच्या दिवशी विधवा बाई पुरुषांच्या पंगतीत, वाढपी जागच्या जागी थांबले. धाकलू पानावर बसला होता, एक हात छातीवर. त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन कल्पेश वाढत होता.

“धाकलूभाऊ, उठा. दवाखान्यात चला.”

“कल्पेशचा मशीन...”

“मशीन-बिशीन काय नाय. कवाच नव्हता. पट्टा त्यांच्या हातातच होता, मी काढला नव्हता. खोटा बोलले मी. तो नुसता खेलना हाय. त्याच्या नादाला लागून आमी दोघं बसून राहिलो. तुमी बसू नका, हात जोडते.”

धाकलूने कल्पेशकडे पाहिलं. “काय रे?”

कल्पेशच्या हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं. “आई खरं बोलते, काका,” तो म्हणाला. तांब्या खाली ठेवून त्याने धाकलूच्या काखेत हात घातला आणि त्याला गाडीकडे नेलं. वेणूबाई पदर खोचत मागे धावली. गाडी निघून गेली.

“मग माजा दादूस कोनाची वाट बघत बसला होता?” ओटीवरून भागीरथी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती.

माणसं कशीबशी चार घास खाऊन उठली. भागीरथी न जेवता गेली. जाताना “येते” म्हणाली नाही. बाकीच्या बायकाही एकेक करून निघाल्या, त्यांनीही म्हटलं नाही.

दिवेलागणीला वेणूबाई आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर जीव आलेला. धाकलूला ॲडमिट केलं होतं, वेळेवर आणलंत असं डॉक्टर म्हणाले होते. तिने तुळशीचे दोन्ही हात धरले आणि तशीच उभी राहिली.

“आनि कल्पेश?” तुळशीने विचारलं.

“तिकडूनच जेला बदलापूरला. बोल्ला, आईला सांगा.”

“काय सांगा?”

“तेवढाच बोल्ला गो. पुढं काय बोल्ला नाय.”

वेणूबाई गेल्यावर तुळशी मागल्या दारी आली. नदीवर नेसलेलं कल्पेशचं धोतर दोरीवर वाळत होतं. तिने ते ओढून घेतलं. अजून ओलंच होतं. तिने त्याची घडी घातली.