एफिससची मधमाशी

“त्याच्यावर पाणी नको घालू वच्छला,” हे शब्द अगदी ओठांवर आले होते. किसनरावांनी ते गिळले.

वच्छलाबाई देवांना आंघोळ घालत होत्या. ताम्हणात बाळकृष्णाशेजारी एफिसस या ग्रीक शहराचं कांस्याचं नाणं होतं. एका बाजूला मधमाशी, दुसऱ्या बाजूला हरीण. अकोल्याच्या डेपोत कंडक्टरकी करता करता किसनरावांनी अशी बरीच नाणी जमवली. सिराक्यूज शहराचा ऑक्टोपस होता, ऱ्होड्स बेटाचा गुलाब होता, पण जीव होता तो या मधमाशीत. वच्छलाबाई मात्र आयुष्यभर त्या सगळ्याला भंगारच म्हणत आल्या.

घोळ किसनरावांच्याच जिभेनं केला. अमरावतीला दिलेल्या लेकीला, प्राजक्ताला, पुन्हा दिवस गेले होते. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. अशात एका संध्याकाळी ते बोलून गेले, की एफिससची देवी बाळंतिणींना सांभाळायची.

“मंग आतालोक सांगितलं काहून नाही?” म्हणत वच्छलाबाईंनी नाणं उचललं, चिंच-मीठ लावून लख्ख घासलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. दोन हजार वर्षांत चढलेला काळपट हिरवा थर बघता बघता निघून गेला. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण भंगार म्हणणारी बायको नाण्यापुढे हात जोडून उभी होती. खोटं कशाला बोला, किसनरावांना सुख वाटलं.

मग नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली. त्यांनी कुलदीपला फोटो पाठवला. तोही नाण्यांचा वेडा.

“काका, मीठ आत शिरलं,” कुलदीप फोनवर म्हणाला. “रोज पानी लागून राहिलं तं ते नाण्याले खातच जाईन. आजच काढा.”

काढायचं कसं? काढलं तर वच्छला म्हणणार, देवी उठून गेली. प्राजक्ताला नववा लागला होता. किसनराव शकुन-अपशकुन मानत नसत. हल्ली मात्र सकाळी उठल्याबरोबर ते आधी देव्हाऱ्याकडे बघत आणि भुकटी वाढलेली दिसली की लगेच अमरावतीला फोन लावत.

आज पळीभर पाणी पडलं आणि नाण्याची कड सुटून ताम्हणात आली. मधमाशीचा एक पंख तिच्याबरोबर गेला.

वच्छलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “अवो, पोरीले आज दवाखान्यात नेलं, अन् आजच हे?”

“काल मीच पक्कडीनं खरवडलं,” किसनराव म्हणाले. “भुकटी काढाले गेलो. माह्याच हातानं तुटलं ते.”

“तुमाले अक्कल हाय का? देवाच्या वस्तूले पक्कड लावता?” त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. इतकं खोटं बोलूनही किसनरावांना हायसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. जावई गजेंद्र होता.

“बाबा, प्राजक्ता बरी हाय.” तो म्हणाला. “लेकरू नाही राहिलं. आईले एकदम सांगू नका.”

“हो,” किसनराव म्हणाले. “हो.”

फोन कट झाला तरी त्यांनी तो कानालाच धरून ठेवला. मागे वच्छलाबाईंचं चालूच होतं, ती पक्कड, ती अक्कल, तो सत्यानाश. तिनं आणखी थोडा वेळ असंच बोलत राहावं, एवढंच त्यांना वाटत होतं.