नकोबाच्या तोंडावरचे डाग

"केळं," भिंगबाईने पुस्तक नाकापासून दूर धरत सांगितलं. "आणि हे बघा साहेब, इथे गाजर. दोन्ही नकोबाच्या तोंडावर. बाकी पान स्वच्छ."

ग्रंथपालांनी वास घ्यायचं टाळलं. "लहान मुलांची पुस्तकं आहेत बाई. डाग पडणारच."

"मुलं डाग पाडतात तेव्हा ते कुठेही पडतात. कोपऱ्यात, पाठीवर. हे डाग मोजूनमापून पाडलेत. प्रत्येक पानावर, बरोबर तोंडावर. यात कुठेतरी पाणी मुरतंय."

बालविभागात परत आलेली पुस्तकं तपासणं हे तिचं काम. दुसरं कोणी असतं तर गप्पा मारत पानं उलटली असती. ती भिंग घेऊन बसायची, म्हणून हे नाव पडलं. नुसत्या पुस्तकांपुरताच तिचा संशय होता असं नाही. भाजीवाला हसून बोलला की ती घरी येऊन पिशवी उपडी करून बघायची. नवऱ्याने एकदा विनाकारण फुलं आणली, तेव्हा आठवडाभर त्या घरात चौकशी चालली होती. त्याने पुन्हा तो उद्योग केला नाही.

'नकोबाचं ताट' हे पुस्तक बालविभागाचं लाडकं होतं. नकोबा सगळ्याला नको म्हणतो. वाटाणे मांजराला घालतो, गाजर बाबांच्या बुटात लपवतो, सूप कुंडीत ओततो. शेवटी मांजर फुगून दारात अडकतं आणि नकोबाची चड्डी घसरते. या पानावर पोरं लोळून हसायची. मग शेवटच्या पानावर नकोबा भलामोठा आ करतो. पुस्तकाची छपाई केव्हाच बंद झाली होती आणि ग्रंथालयात ही एकच प्रत उरली होती.

ती प्रत सारखी एकच माणूस नेत होता. म्हातारा शिंपी. दुकान मुलाने विकलं, मुलगा दूरदेशी गेला, म्हातारा मात्र अजून गळ्यात टेप अडकवून फिरायचा. परत करायला यायचा आणि तेच पुस्तक पुन्हा मागायचा.

"आजोबा, दुसरं न्या की एखादं," भिंगबाई खडा टाकून बघायची.

"नको, हेच बरंय. घरात छोटी आहे. जेवायला फार छळते हो."

एवढं बोलून तो खाली बघायचा. खाई त्याला खवखवे, असं भिंगबाई मनात म्हणायची. त्यात दारावरच्या पहारेकऱ्याने तेल ओतलं. तो त्याच गल्लीत राहायचा. "छोटी? त्यांच्या घरात? तिथे ते आणि त्यांची बायको, दोन म्हातारी माणसं आहेत फक्त. नातवंडं कधी आलीच नाहीत."

झालं. भिंगबाईने ही बातमी ग्रंथपालांपर्यंत पोचवली. त्यांनाही आता कंटाळा आला होता. "यापुढे एक जरी डाग दिसला तरी कार्ड रद्द करा. विषय संपवा."

पण नुसतं कार्ड रद्द करून तिचं समाधान होणार नव्हतं. माणूस खोटं का बोलतो, हे कळायला हवं होतं. घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते बघायला ती संध्याकाळी कामावरून सुटल्यावर थेट शिंप्याच्या दारात उभी राहिली.

दार उघडंच होतं. आत खुर्चीवर एक बारीकशी म्हातारी बसली होती. गळ्यात लाळेरं, तेही कोटाच्या अस्तराचं, काजंबटणं लावून नीट शिवलेलं. पुढ्यात 'नकोबाचं ताट' उघडं होतं. शिंप्याच्या हातात वाटी होती, मऊ भात आणि कुस्करलेलं गाजर. भिंगबाईला बघून त्याचा चमचा तिथेच थांबला.

"कोण आहे ती?" म्हातारीने विचारलं. "तुमच्यातलीच का? दोघं मिळून चारणार मला?"

"नाही गं. ग्रंथालयातल्या बाई आहेत."

"हा शिंपी रोज काहीतरी चारतो मला," म्हातारी भिंगबाईला हळूच म्हणाली. "यात काय घालतो कोण जाणे. मी नाही खात. आधी त्याला द्यायला लावते." तिने नकोबाकडे बोट दाखवलं. "तो भारी चोखंदळ आहे. तो उगाच कशाला तोंड लावायचा नाही. त्याने खाल्लं आणि त्याला काही झालं नाही, तर मग मी."

शिंप्याने खाली मान घालून चमच्याचं टोक नकोबाच्या तोंडाला लावलं. दोघंही थांबले. म्हातारी टक लावून नकोबाकडे बघत होती. तो हसरा होता तसाच राहिला. मग तिने आ केला.

"डॉक्टर झाले, शेजारीण झाली, फोनवरून मुलगा झाला," शिंपी पुटपुटला. "कुणाचंच ऐकत नाही. माझं तर नाहीच. पुस्तक समोर नसलं की दिवस दिवस उपाशी राहते. डाग पुसायचो बाई मी, पण आता डोळ्यांना दिसत नाही कुठे काय राहिलं ते. आणि छोटी म्हणालो ते... आणखी काय सांगणार होतो?"

पुढचं पान उलटलं. पण आता म्हातारीने ओठ घट्ट मिटले. तिची नजर पाहुणीवर होती. "ही इथे का आली? काय काम करते ही?"

"तपासायचं," भिंगबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मग तपास."

भिंगबाईने पर्समधून भिंग काढलं. वाटी उजेडात नेली. भात भिंगाखाली धरला, कडेने बघितला, मधून बघितला, गाजर चमच्याने बाजूला करून खालचं बघितलं. शेवटी वास घेतला. उभ्या जन्मात तिने एवढं मन लावून काही तपासलं नव्हतं. म्हातारी श्वास रोखून बघत होती.

"ठीक आहे," भिंगबाई म्हणाली. "काही घातलेलं नाही."

"नीट बघितलंस?"

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही, आजी."

म्हातारीने अख्खी वाटी संपवली. जिना उतरताना भिंगबाईला रडू आलं, आणि आपल्याला रडू का येतंय याचाही तिला संशय आला.

त्यानंतर पुस्तक परत आलं की ती ते इतरांच्या आधी ओढून घ्यायची. ओल्या कापसाने, वाळलेलं असेल तिथे नखाने हलकेच, नकोबाची सगळी तोंडं धुऊन काढायची. पानं गुळगुळीत होती म्हणून बरं. "सुधारला म्हातारा," ग्रंथपाल म्हणायचे. "दम दिल्याशिवाय लोक सुधारत नाहीत बघा." ती हो म्हणायची आणि पुस्तक पुन्हा शिंप्याच्या हातात द्यायची. अधूनमधून जाता जाता वाटीही तपासून यायची.

मग एकदा घरी पाहुणे आले आणि तिचं काही दिवस जाणं झालं नाही. त्यानंतर शिंपी आला तो गळ्यात टेप न घालता. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. सवयीने भिंगबाईने कापूस ओला केला, पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि तिचा हात थांबला. एकही डाग नव्हता.

"तिने मागितलंच नाही शेवटी शेवटी," शिंपी म्हणाला. "मग त्याला एकट्याला कसं भरवायचं?"

भिंगबाईने ओला कापूस बाजूला ठेवला.

"नेणार नाही आता. पण जरा बघता का बाई, एखादा जुना डाग राहिलाय का कुठे? मी घरी खूप शोधला. मला दिसत नाही. तुमच्याकडे भिंग आहे."

तिने शोधला. मांजराचं पान, बुटाचं, कुंडीचं. शेवटच्या पानावरचा आ तर तिने पुन्हा पुन्हा बघितला. एखादी पिवळी कड, नारिंगी ठिपका, काहीही चाललं असतं. पण तिचं काम नेहमी चोख असायचं, तसंच ते याही वेळी होतं.

"तुम्ही बघा आजोबा," ती म्हणाली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. तिने ते आजवर कुणाला दिलं नव्हतं.

शिंपी टेबलावर वाकला आणि त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मागे पुस्तकं घेऊन रांग लागली होती, पोरं चुळबुळ करत होती, कुणीतरी घसा खाकरला. भिंगबाईने कुणालाही पुढे घेतलं नाही.