मोबाइल वापरात पहिली

लातूरच्या क्लासमध्ये कशाचीही यादी आली की तिला क्रमांक लागतात. चाचणीचे गुण, हजेरी, जीवशास्त्राच्या वह्या. मागच्या वर्षी आरोग्य तपासणीनंतर हिमोग्लोबिनलाही लागले होते. त्यामुळे दोनशे विद्यार्थ्यांच्या मोबाइल वापराचा तक्ता क्लास चालवणाऱ्या दयानंद सरांच्या हाती आला तेव्हा त्यांनी जे केलं ते निव्वळ सवयीनं केलं. उतरता क्रम लावला, बोर्डावर चिकटवला आणि सगळ्या पालकांना पाठवून दिला. पहिली आली सृष्टी. रोज अकरा तास चाळीस मिनिटं.

तक्ता बनवणाऱ्या पंचशीला मॅडम नांदेडच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत. मोबाइलच्या व्यसनावर त्यांचा प्रबंध तीन वर्षं चालू होता. मुलांच्या फोनमध्ये त्यांनी एक ॲप टाकलं होतं. फोन किती वेळ चालला, कुठल्या हातात कसा धरला, हे ते टिपून घ्यायचं. कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, असं मॅडमनी प्रत्येकाला लिहून दिलं होतं. नावाऐवजी गुप्त क्रमांक वापरले होते. गुप्त क्रमांक म्हणून क्लासचे रोल नंबर घेतले होते. ते सोपे पडतात. परवानगी दिल्याबद्दल आभार म्हणून तक्त्याची एक प्रत सरांना त्यांनीच पाठवली होती.

सकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, मुलीचे वडील हदगावहून येऊन बसलेत. दोनच्या बसनं मुलीला घेऊन जातो म्हणतात. तुम्हीच या अन् समजावून सांगा."

लातूरला येताना एसटीत मॅडमनी लॅपटॉप उघडला. मंगळवारी सकाळी आठ ते अकरा सृष्टीचा फोन सलग चालू होता. त्याच वेळी, क्लासच्या वेळापत्रकाप्रमाणे, सृष्टीची तुकडी हॉलमध्ये चाचणी लिहीत होती. त्यांनी फोन धरण्याच्या नोंदी काढल्या. फोन चार जणींच्या हातात फिरत होता. एक डावखुरी, एक आडवी पडून बघणारी, एक सारख्या येरझारा घालणारी, आणि चौथी, बहुधा सृष्टीच, जिच्या वाट्याला जेमतेम तीन तास येत होते. हात ओळखणं हा प्रबंधाचा सगळ्यात शास्त्रीय भाग होता. तक्ता करण्याआधी तो वापरायचा राहून गेला होता.

क्लासच्या वसतिगृहाचा नियम त्यांना ठाऊक होता. फोन दुसऱ्या मुलीला दिला तर देणारीचं आणि घेणारीचं, दोघींचंही नाव कमी. म्हणजे गप्प बसलं तर एक मुलगी घरी जाणार, आणि खरं सांगितलं तर चौघी.

सरांच्या केबिनमध्ये सृष्टीचे वडील शेषेराव खुर्चीच्या कडेला बसले होते. सृष्टी दाराशी उभी होती.

"मॅडम, मला एवढंच सांगा, ही पोरगी अकरा तास काय बघून राहिली?"

"काय बघते ते ॲपला कळत नाही. किती वेळ, तेवढंच कळतं."

"आमच्या लिंबाजीचा पोरगा बी इथंच हाय. काल लिंबाजी म्हणला, शेषेराव, तुमची पोरगी पहिली आली. म्या पेढे आणाय निघालो होतो."

"व्यसनाच्या पाच पायऱ्या असतात," सर म्हणाले. "ही पाचवीवर आहे. बरोबर ना मॅडम?"

"आण्णा, मी एवढं नाही बघत," सृष्टी म्हणाली.

"मंग कोण बघतंय? भूत? बोल की!"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पंधरा मिनिटांतला हा चौथा होता. ते बोलत गॅलरीत गेले. शेषेराव पाणी प्यायला बाहेर गेले.

"मॅडम, तुम्हाला कळलंय," सृष्टी पुटपुटली.

"कशावरून?"

"तुम्ही आल्यापासून माझ्या हातांकडं बघताय. आमच्या खोलीतली तनुजा डावखुरी आहे. सांगू नका. तिघींचं वर्ष जाईल."

"आणि तुझं?"

"माझं तर चाललंच की."

शेषेराव आणि सर परत आले. सरांनी एक कागद मॅडमपुढे सरकवला. नाव कमी करण्याचा अर्ज होता. खाली 'तज्ज्ञांचा शेरा' अशी रिकामी जागा.

"गंभीर व्यसन, एवढं लिहा अन् सही करा."

मॅडमनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'माझ्या मोजणीच्या पद्धतीत चूक आहे. या तक्त्यावरून दोनशेपैकी एकाही विद्यार्थ्याबद्दल काहीही सांगता येत नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

सरांनी ते दोनदा वाचलं. "दोनशेही? अहो, एखादा आकडा चुकला असेल."

"एक चुकलाय हे आज कळलं. बाकीचे बरोबर आहेत हे कशावरून म्हणू?"

"कुठला चुकला?"

"ते सांगणार नाही."

सर खुर्चीत पुढे सरकले. "सृष्टी, तुझा फोन कुठाय? आण बघू इकडं. आत्ताच्या आत्ता."

सृष्टी जागची हलली नाही. फोन वर वसतिगृहातल्या खोलीत होता आणि तनुजाच्या हातात होता.

"मागवा," मॅडम म्हणाल्या. "पण सर, नावं बाहेर जाणार नाहीत असं मी दोनशे मुलांना लिहून दिलंय. नंबर दिले मी, नावं जोडलीत तुम्ही. हा फोन तपासलात तर मी स्वतःच विद्यापीठाला सगळं कळवते. माझा प्रबंध जाईल. पण चौकशीला माझ्यासोबत तुम्हालाही यावं लागेल."

"आणि मी फ्लेक्स छापलाय त्याचं काय? 'शास्त्रीय पुराव्यासह मोबाइलमुक्त क्लास'!"

सर मागे टेकले.

शेषेरावांनी कागद हातात घेतला. "मॅडम, पोरगी फोन बघत न्हाई, असं लिव्हलंय का ह्याच्यात?"

"नाही."

"बघती असं?"

"तेही नाही. मला माहीत नाही, असं लिहिलंय."

"बरं झालं. कालपासून ज्याला त्याला माहीतच होतं."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि सृष्टीला घेऊन जिन्यापाशी आले. मॅडम मागून येत होत्या.

"खोलीत कितीजणी हायत गं?"

"चौघी."

शेषेरावांनी अकरा तासांची चौघींत वाटणी बोटांवर करून पाहिली.

"वर जा," ते आवाज बारीक करून म्हणाले. "अन् त्या पोरींना सांग, घरून आपापला फोन मागवून घ्या म्हणावं. म्या जे इचारलं ते तुझ्या सरांना सुचायच्या आत."

सृष्टी दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली.