हलगीवरून ऐकलेली कुस्ती

“शाळेत पोरांचे कान बी असेच पिळतीस का गं?” बब्रुवाननं विचारलं. महानंदा बापाच्या मानेला तेल चोळत होती. मान डावीकडं वळत नव्हती.

“पोरं रडत्यात तरी, आबा. तुमी रडत बी न्हाय.”

तो खदखदून हसला आणि कळ लपवायला लंगोटाची गाठ चाचपू लागला.

वाशी, भूम, कळंब, येडशी, एवढ्याच जत्रांचा तो पैलवान. मोठ्या मैदानांनी त्याला कधी बोलावलं नाही. दोनदा नाक मोडलं, कानांच्या गुठळ्या झाल्या, पण त्याच अंगावर त्यानं घर चालवलं, लेकीला मास्तरीण केलं. आजची येडशीची कुस्ती शेवटची, असं त्यानं देवीची आण घेऊन सांगितलं होतं.

बाईमाणसानं मैदानात पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. लहानपणापासून महानंदा भाकरीचं गाठोडं घेऊन जत्रेत बाहेर बसायची आणि हलगीवरून कुस्ती ओळखायची. आज तरी आत न्या, म्हणायचं तिनं ठरवलं होतं. तेलाच्या बाटलीला बूच बसलं, बोलणं राहूनच गेलं.

दुपारी ती कासाराच्या पालामागं बसली. हलगी संथ वाजत होती, म्हणजे अजून नुसती हाताला हात लावून अंदाज घेणारी खडाखडी चालू होती. मग ती तडतडली. आतून आलेला एकजण तंबाखू मळत म्हणाला, बार्शीच्या गड्यानं म्हाताऱ्याचं तोंड फोडलं, तरी म्हातारा त्याच्या पायाला घातलेला पट सोडीना. गर्दी ‘मोड, मोड’ म्हणून ओरडू लागली. काहीतरी जड आपटलं. निकालाचे ठोके पडलेच नाहीत. हलगी मध्येच थांबली.

महानंदा उठली. माणसांना ढकलत ती आत शिरली.

बब्रुवान पालथा पडला होता. तोंडाखालची माती रक्तानं काळी झाली होती. त्याच्या तालमीच्या हिंमतराव वस्तादांनी आजवर कितीतरी उतरलेले खांदे चढवले होते. मानही तशीच निखळली असं समजून त्यांनी त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, दोघांना पाय धरायला लावले आणि डोकं हिसकलं. ती “सोडा” म्हणेपर्यंत कट्‌कन आवाज झाला होता. पाय एकदाच झाडले गेले.

वस्ताद आपल्या हातांकडं बघत राहिले. कुणीतरी हळूच म्हणालं, “बाई, भाईर व्हा. माती बाटंल.”

ती मातीतच बसली. बापाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. त्याच्या मानेला सकाळचं तेल अजून होतं. पदरानं त्याच्या डोळ्यांतली माती टिपत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आबा, मला तुमची कुस्ती बघायची व्हती.”