टाकीतज्ज्ञ डॉ. वसंत टिळेकर

डॉ. वसंत टिळेकर यांना मी जन्म दिला तो सामरवरणीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या सुमारास.

नरोलीत प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वेबसाइटवर मी लेख लिहिते. शिकवलं कुणी नाही, फुकटचे व्हिडिओ बघून शिकले. त्यातला एकजण सांगत होता, लेखाखाली जाणकाराचं नाव असलं की वाचणाराही विश्वास ठेवतो आणि गूगलही. आता जाणकार आणू कुठून? मग टिळेकर. तीस वर्षांचा अनुभव, चष्मा, किंचित टक्कल. फोटो कॉम्प्युटरनेच काढून दिला. असे चौदा लेख झाले. टाकी बनताना मी एकदाही पाहिली नव्हती. डॉक्टरांचा तर प्रश्नच नव्हता.

मार्चमध्ये हर्षलचा फोन आला. हा कारखान्याची विक्री बघतो, माझ्या भाच्याच्या वयाचा आहे.

"मनीषाताई, मुलींच्या वसतिगृहातल्या एक मंजुळाबाई सकाळपासून दोनदा फोन करून झाल्या. नव्या टाकीतल्या पाण्याला वास येतोय. पोरींना द्यायचं का, ते त्यांना टिळेकर डॉक्टरांनाच विचारायचंय."

"मग?"

"मग काय! टाकी सुरक्षित आहे म्हणून द्या दोन ओळी लिहून. डॉक्टर तुमचेच की."

बसले लिहायला. 'घाबरण्याचे कारण नाही' एवढं लिहिलं आणि हात थांबला. पाणी पोरी पिणार होत्या, आणि कारण आहे की नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

रिक्षा करून कारखान्यात गेले. भट्टीवर सुकदेव होता, शिरपूरकडचा, अकरा वर्षं तिथेच उभा.

"प्लास्टिकची पूड साच्यात भाजायची, भाकरीसारखं गणित आहे ताई," तो म्हणाला. "कच्ची राहिली तर आतून खरखरीत लागते. जास्त भाजली तर पिवळी पडते, जळका वास धरते. नुसता नवेपणाचा वास असला तर दोन-तीनदा भरून सांडली की जातो. जळका नाही जात. ती टाकी परतच घ्यायची."

"हे तू कुणाला सांगितलंस कधी?"

"विचारतं कोण?"

तिथेच उलट्या बादलीवर बसून मोबाइलवर लेख लिहिला. "खाली तुझं नाव टाकू?"

"टाका की. पण सुकदेव भिला कोळी, पूर्ण टाका. आमच्या गल्लीत तीन सुकदेव आहेत."

हर्षल ऑफिसातून भट्टीपाशी आला आणि वाचून उडालाच. "टाकी परत घ्यायची? आपल्याच वेबसाइटवर? शेठ आधी मला घरी पाठवतील, मागून तुम्हाला! आणि टिळेकर कुठायत?"

"गेले."

"असे कसे गेले?"

"आले तसेच."

"बरं, शेठना विचारून उद्या लावू."

"पोरींना तहान आज लागणार आहे, हर्षल." त्याच्याकडून मंजुळाबाईंचा नंबर घेऊन मी लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर टिळेकर नाहीयेत," मी म्हणाले.

"कधी येतील?"

"येणार नाहीत. ते नव्हतेच. मी रचलेला माणूस आहे तो."

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली. "त्यांचं वाचून तर टाकी घेतली बाई मी."

मी माफी मागितली. शब्द इतका लहान असतो हे त्या दिवशी कळलं.

"बनवतो कोण टाकी?" त्या म्हणाल्या. "त्याला तरी द्या."

हर्षल हाताने नको-नको करत होता. मी फोन सुकदेवच्या हातात दिला. त्याने हात पँटला पुसले.

"मावशी, पोरींना सध्या दुसरं पाणी आहे ना? हां. मग झाकण काढा. आत उजेड पाडा आणि रंग सांगा."

बराच वेळ फक्त शिडीची करकर ऐकू आली. आम्ही तिघंही फोनकडे बघत उभे.

"पिवळट दिसतंय. खाली जास्तच."

सुकदेवने फोनवर हात धरला. त्याने हर्षलकडे पाहिलं. हर्षलने कपाळ चोळलं, खिशातून पेन काढलं.

"टाकीवरचा नंबर विचार," तो म्हणाला. "आणि सांग, त्यातलं पाणी पिऊ नका."