अंगठा उडेपर्यंत

मशीनच्या आवाजासाठी कानात बोळे घातले की तनुजाला बाहेरचं समर्थचं रडणं ऐकू येईनासं व्हायचं, आणि तिची खरी पंचाईत तिथूनच सुरू व्हायची. ऐकू येत नाही म्हणजे तो रडत नाही, असं थोडंच आहे?

सांगवीतल्या या क्लिनिकमध्ये ती काही आठवड्यांपासून येत होती. बाळंतपणानंतर तिचं मन जे बसलं, ते उठायलाच तयार नव्हतं. भूक नाही, झोप नाही. समर्थच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत बसायचं, एवढंच. गोळ्या तिनं नाकारल्या. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशाही गोळ्या असतात, असं डॉक्टरबाईंनी परोपरीनं समजावलं. पण 'चालतील' या शब्दावर तिचा विश्वास बसेना. म्हणून मग हे, डोक्याला चुंबकाचे ठोके. बेशुद्ध करणं नाही, पोटात औषध नाही, दूध चालू. फक्त फरकही काडीचा नव्हता.

आज डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "मोजणी पुन्हा करू या. त्यावरही गुण आला नाही, तर गोळ्यांचा विचार करावा लागेल." गोळ्या म्हणजे तनुजाच्या लेखी दूध बंद, आणि दूध बंद म्हणजे समर्थ सासूबाईंच्या अंथरुणात.

सासूबाई, म्हणजे शालनबाई, बाहेर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरा, रणजीत, महाळुंग्याला पहिल्या शिफ्टला. त्यामुळे पुनावळ्याहून दोघी रिक्षानं आल्या होत्या. निघण्यापूर्वी शालनबाई सहाणेवर काहीतरी उगाळत होत्या.

"काय उगाळताय, आई?"

"कुठं काय? सहाण धुतीया."

सहाण धुताना हात असा गोल गोल फिरतो का? वर लगबगीनं बटवा कनवटीला खोचलेला. आणि समर्थ हल्ली दुपारचा झोपायचा, एरवी कधी झोपायचा नाही असा गाढ.

"हात उशीवर ठेवा, ताई. एकदम सैल," मशीन चालवणारी दिपाली म्हणाली. तिनं तनुजाच्या डोक्यावर खुणा केलेली टोपी चढवली आणि डाव्या बाजूला चुंबकाची जाडजूड कॉइल टेकवली. डोक्यातल्या एका ठरावीक जागेवर ठोका बसला की उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. कमीत कमी किती ताकदीला दहातून पाचदा उडतो, ते तुमचं माप. उपचाराची ताकद त्या मापावरून ठरते. तनुजानं हे सगळं मोबाईलवर वाचलं होतं, आणि वाचून तिची शंका वाढलीच होती.

"ताकद तुम्हीच वाढवणार आणि अंगठा उडाला की नाही, तेही तुम्हीच सांगणार?"

"मग तुम्हीपण बघा की. अंगठा तुमचाच आहे."

टक. अंगठा उडाला. टक. पुन्हा उडाला.

"अडतीस," दिपाली पुटपुटली. "मागच्या वेळेइतकंच. कमी वाटतंय."

"म्हणजे मशीन बिघडलंय."

"मशीन सकाळपासून चाललंय, ताई." दिपालीनं कॉइल बाजूला केली. तनुजाचं मनगट दोन बोटांनी उचललं आणि सोडून दिलं.

हात पडला नाही. उशीच्या वर, हवेतच राहिला.

"मी सैलच सोडलाय," तनुजा म्हणाली.

"दिसतंय ना!" दिपाली हसली. "स्नायू आधीच ताठ असला की हलक्या ठोक्यालाही अंगठा उडतो. मग माप खोटं, कमी येतं. आणि उपचारही कमी ताकदीचा होतो."

आपल्या चुकीचं खापर माझ्या हातावर फोडतात, असं तनुजाच्या मनात आलं. पण तिनं बघितलं, तर हात अजून तसाच होता. बोटं वळलेली, अंगठा बाजूला, तळव्याची वाटी झालेली. त्या वाटीत समर्थची मान बसायची. आता तिथं काहीच नव्हतं, आणि हात मात्र धरून बसला होता.

दिपालीनं हात झटकायला सांगितला, चोळला, लांब श्वास घ्यायला लावले. उचलून सोडला की तो पुन्हा हवेत.

"लक्ष कुठंय तुमचं?"

लक्ष दाराच्या काचेवर होतं. काचेतून शालनबाईंची पाठ दिसत होती, आणि कोपर कनवटीकडे गेल्यासारखं वाटत होतं.

तनुजानं बोळे काढले, डोक्यावरच्या टोपीसकट उठली आणि दार उघडलं.

"आई, बटवा दाखवा."

"अगं हितं? मानसं बघत्यात."

"बघू देत."

शालनबाईंनी बटवा काढून दिला. आत हळकुंड, वेखंड आणि एका बाजूनं झिजलेलं जायफळ.

"जायफळ? मला न विचारता?"

"इचारलं असतं तर व्हय म्हनली असतीस?"

"नाही."

"मग? पोरगं दुपारचं झोपलं तर तुझाबी डोळा लागंल म्हनलं. सहाणंवर दोनच वेढं द्याची. तर तू झोपलेल्या पोराच्या नाकाला बोट लावून बसतीस!"

बाकावरच्या एका बाई फिसकन हसल्या. तनुजाला हसू आलं नाही.

"आज दिलंत?"

"उगाळलं, पर न्हाई दिलं. तू बघितलंस न्हवं."

"आजपासून मला सांगितल्याशिवाय त्याच्या तोंडात काही जाणार नाही. तुमचं बोटसुद्धा."

"न्हाई जायचं," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवलं.

तनुजानं खुर्चीत येऊन बोळे पुन्हा घातले आणि बटवा डाव्या मुठीत धरून बसली. तिला वाटलं होतं, शंका खरी निघाली तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. ज्याची धास्ती होती ते आता तिच्याच मुठीत होतं. काचेतून ताडण्यासारखं बाहेर काही उरलं नव्हतं.

दिपालीनं उजवं मनगट उचललं, सोडलं. हात निम्म्यावर अडखळला. पुन्हा सोडला, तो थपकन उशीवर पडला. तिनं कॉइल परत जागेवर टेकवली.

टक. अडतीस. अंगठा ढिम्म.

टक. बेचाळीस. काही नाही. मशीन बंद तर नाही केलं हिनं? तनुजानं पडद्याकडे बघितलं. चालू होतं.

टक. सत्तेचाळीस. अंगठा उडाला.

"मी नाही हलवला," तनुजा घाईनं म्हणाली.

"नाहीच हलवलात." दिपालीनं दहा वेळा करून पाहिलं, सहा वेळा उडाला. एक पायरी खाली उतरली, तर तीनदाच. "हे तुमचं माप. इतके दिवस बिचारा उपचार अर्ध्या वाटेतूनच परत जात होता. डॉक्टरबाईंना सांगते. गोळ्यांचं आत्ता राहू दे. आधी ह्या ताकदीवर बघतील."

बाहेर समर्थ लालबुंद होऊन रडत होता. शालनबाई त्याला थोपटत येरझारा घालत होत्या, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे. तनुजानं त्याला घेतलं आणि त्याच्या ओठांना नाक लावून वास घेतला.

दूध. नुसतं दूध.

"हुंग की आनखी एकदा," शालनबाई म्हणाल्या.

"हुंगते," तनुजा म्हणाली, आणि तिनं हुंगलं.