माझ्यावरचा तिसरा नियम

मित्रांनो, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला हा जुना तक्ता म्हणजे मी. एक कार्डशीट, वरखाली दोन लाकडी पट्ट्या आणि टांगायला सुतळी, एवढंच माझं घराणं. तरी तिवसा गावातल्या अभ्यासिकेत सात वर्षं माझा मोठा मान होता. तो मान मला शोभला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला धर्मेंद्र सरांनी बनवलं. सर एका शाळेत कारकून. दर रविवारी ते याच अभ्यासिकेत, म्हणजे विहाराशेजारच्या खोलीत, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना बुद्धिमत्तेचा विषय फुकट शिकवत. एका दुपारी फरशीवर मांडी घालून त्यांनी निळ्या पेनानं माझ्यावर नियम लिहिले. पहिला, 'दिलेलं विधान खरं धरा, मनाचं घालू नका.' दुसरा, 'सर्व गाई जनावरं असल्या, तरी सर्व जनावरं गाई नसतात.' आणि तिसरा, '"काही" म्हणजे सगळे नव्हेत.'

हा तिसरा नियम सरांनी पंगतीतून उचलला होता. "काही पाहुणे जेवले म्हटलं, तं काही उपाशी हायत असाच अर्थ होते ना?" ते विचारायचे आणि मुलं माना डोलवायची. पंगतीत ते खरंच आहे. परीक्षेत मात्र 'काही' म्हणजे निदान एक, मग सगळे का असेनात. सरांना हे ठाऊक नव्हतं. मला तर काय, जे लिहिलं ते अंगावर मिरवायचं, एवढंच माहीत.

मुलं माझ्यासमोर उभी राहून नियम पाठ करायची. कुणी माझा फोटो काढून नेई. अकोटहून पाहुणा आलेल्या एका मुलानं मला वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, तेव्हा माझी छाती फुगली. तक्त्याला छाती नसते, पण फुगली खरी.

अभ्यासिकेत रोज सगळ्यांत आधी यायची ती नीलम. तिची आई चतुराबाई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. लेकीनं खुर्चीवर बसून काम करावं, एवढीच तिची इच्छा. लिपिकाच्या जागेसाठी नीलमची ही शेवटची परीक्षा होती, कारण पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. कुंचा घेऊन ती खोली झाडायची, ओढणीच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसायची आणि मग पुस्तक उघडायची.

एका रविवारी तिनं हात वर केला. "सर, सगळी मडकी मातीची हायत असं दिलं. मंग काही मडकी मातीची हायत, हे खरं नाही का? त्याच्यातली दोन उचलली तं तीबी मातीचीच निघतीन ना?"

मागून शुभम हसला. "सारे पुढं गेले, हे अजून तिसऱ्या नियमातच अडकून राहिली!"

सरांना पुढचा धडा उरकायचा होता. "काहून डोकं लावून राहिली, नीलम? भितीवर काय लिवलं हाय, ते वाच."

नीलमनं मला वाचलं आणि हात खाली घेतला. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती, तरी मी काही वेगळं बोललो नसतो. मलाही मी बरोबरच वाटत होतो.

अमरावतीला परीक्षा झाली. निकाल लागला, तेव्हा नीलमचं नाव एका गुणानं हुकलं होतं. ती मोबाईलवर उत्तरतालिका घेऊन अभ्यासिकेत आली. मागोमाग शेतातून तशीच उठून चतुराबाईही आली. 'सर्व पूल दगडी आहेत' असं विधान होतं. 'काही पूल दगडी आहेत' हा निष्कर्ष निघतो, असं उत्तर दिलेलं होतं. नीलमनं 'निघत नाही' लिहिलं होतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग ते माझ्याकडे वळले. त्या नजरेपुढे मला उभं राहवेना.

"हे मी लिवलं वं, नीलम," ते म्हणाले. "मीच लिवलं."

"तुमी जीव लावून शिकवलं, सर. तुमाले काय बोलू?" नीलम म्हणाली. "मले येत होतं. म्या माह्यावर भरोसा ठेवला नाही."

चतुराबाईला वाचता येत नाही. ती कधी सरांकडे, कधी माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तिनं हळूच विचारलं, "तिनं तं सारं पाठ केलं होतं ना, सर? मंग कसं चुकलं?"

सरांनी भिंतीशी खुर्ची ओढली. वर चढून त्यांनी माझी सुतळी सोडली. त्या दिवसापासून मी इथे आहे. कुणी धूळ पुसत नाही याचं मला दुःख नाही. ज्या पोरीनं ती रोज पुसली तिचंच मी वाटोळं केलं, याचं मात्र फार आहे.

मित्रांनो, तुमच्या भिंतीवरचे तक्ते जरूर जपा. पण नियम लिहिणारा कितीही भला असो, दोन मडकी उचलून तो नियम एकदा तपासून बघा. शंका आली आणि मागून कुणी हसलं, तरी वर केलेला हात खाली घेऊ नका. नीलमला आता परीक्षा नाही. तुम्हाला आहे.